कुंपणातलं जास्तीचं ऊन

गुलाबकाका सुरडकर बोलण्याआधी दोनदा फुंकर मारतात. समोर माइक नसला तरी.

चहा उन्हात उभं राहून पितात. सावलीत बसून पिणाऱ्याकडे पाहतात, पण काही बोलत नाहीत.

शर्टाच्या खिशात मलमलीचा घडी केलेला तुकडा असतो. समोरच्याचा चष्मा मळलेला दिसला की न विचारता काढून घेतात, पुसतात, परत त्याच्या डोळ्यांवर चढवतात. पोलीस पाटलांच्याही.

‘ऊन फार तापलंय’ असं कधी म्हणत नाहीत. ‘आज चांगलं आलं’ म्हणतात. पाहुण्याबद्दल बोलावं तसं.

ढग आला की घड्याळ पाहतात. ढग गेला की पुन्हा पाहतात.

जेवताना वरण मागत नाहीत. ‘वरण लागलं का?’ असं विचारतात. सिंधूकाकू आतून म्हणतात, “लागलं. पाच मिनिटांत सुटन.”

काकांची सगळी नोकरी मोताळ्याच्या एसटी स्टँडवर गेली. शेवटची वर्षं चौकशीच्या खिडकीमागे, माइकवर. निवृत्त होऊन ते गावी आले. आमचं गाव देऊळघाटच्या पुढे, फाट्यावरून आत. इथे गाडी क्वचित येते आणि आली की सगळ्यांना आपोआप कळतं. जाहीर करण्यासारखं काही उरलं नाही. सिंधूकाकू सांगतात, त्या दिवसांत घरची शेळी व्याली तेव्हा त्यांनी ते अंगणात उभं राहून सांगितलं. मराठीत दोनदा, हिंदीत एकदा. त्यानंतर मात्र ते गप्पच झाले.

मी त्यांचा शेजारी. नाव धम्मरत्न, काका धम्मा म्हणतात. वयाने त्यांच्या मुलासारखा आहे, पण ते मला दोस्त म्हणतात. मी मराठीत एम.ए. केलं. पुढचं ठरेपर्यंत घरी आहे.

मग एका हिवाळ्यात गावाच्या ई-क्लास जमिनीवर, म्हणजे सरकारी गायरानावर, पुण्याच्या एका संस्थेने कुंपण घातलं. आत लोखंडी खांब. खांबाच्या आडव्या दांड्यावर दोन काचेच्या वाट्या. एक आभाळाकडे पाहणारी, दुसरी जमिनीकडे. वरची वाटी आभाळातून किती ऊन आलं ते मोजते. खालची, त्यातलं किती जमिनीवरून परत फिरलं ते मोजते. नव्या सोलर पॅनलना पाठीकडूनही उजेड लागतो म्हणे. आकडे आपोआप पुण्याला जातात. कुठे किती ऊन पडतं हे उपग्रहावरून अंदाजाने सांगता येतं, पण प्रत्यक्ष जमिनीवर मोजलेलं फार कमी आहे. म्हणून हा खटाटोप. असंच दुसरं कुंपण साखरखेर्ड्याला घातलं होतं.

कुंपणासाठी एक माणूस हवा होता. सकाळी काचा पुसायच्या आणि शेळ्या आत येऊ द्यायच्या नाहीत, एवढंच काम. गावात कुणी तयार होईना. उन्हाची राखण करतो, असं सोयऱ्यांना कोणत्या तोंडाने सांगायचं?

काका तयार झाले. मलमल तेव्हापासून खिशात आली.

थोड्या दिवसांनी त्यांनी मला विचारलं, “धम्मा, हे आकडे जातात कुठी?”

मी मोबाईलवर संस्थेची वेबसाइट उघडली. बऱ्याच दारांतून आत गेल्यावर आमच्या गावाचं नाव सापडलं. सगळं इंग्रजीत.

“म्हणजे टाइमटेबल छापलं अन् कपाटात ठेवलं,” काका म्हणाले.

“सगळ्यांसाठी खुलं आहे, काका.”

“कपाट खुलं हाये. पण कपाट कुठी हाये, हे कोणाले मालूम?”

दुसऱ्या दिवशी ते सरपंचांकडे गेले. ग्रामपंचायतीच्या भोंग्यावरून नळाची वेळ आणि रेशनचं धान्य एवढंच जाहीर व्हायचं. नळाच्या पाठोपाठ दोन वाक्यं बोलण्याची परवानगी काकांना मिळाली.

मी त्या सकाळी दात घासत होतो.

“फू. फू. सर्व ग्रामस्थांनी कृपया लक्ष द्यावे. काल आपल्या गावावर पडलेलं ऊन, सव्वासात युनिट. साखरखेर्डा, साडेसात युनिट. धन्यवाद.”

मी ब्रश तोंडात तसाच ठेवून उभा राहिलो. इतका स्वच्छ, इतका भारदस्त आवाज मी आमच्या भोंग्यातून कधी ऐकला नव्हता. काकांचाही ऐकला नव्हता.

गावात सगळ्यात वयस्कर तानुबाई. ती काठी टेकत काकांच्या दारात आली.

“काय रे गुलब्या, साखरखेर्ड्याले आपल्याहून जास्त ऊन काऊन?”

“तसंच पडलं, मावशी.”

“तसंच कसं पडलं? अर्ज कर.”

पारावर चर्चा झाली. कुणी म्हणालं, त्यांचा पुढारी मोठा आहे. कुणी म्हणालं, आपल्याकडे घाटात झाडी फार, ती ऊन खाते. पण लोक ऐकू लागले, हे खरं. कुणी तूर वाळत घालताना भोंग्याची वाट पाहू लागलं. राजकुमारची पिठाची गिरणी सोलरवर चालते. भोंग्यातून मोठा आकडा आला की बाया दळण घेऊन तिच्याकडे निघायच्या.

आकडा काढायची रीत काकांची होती. मी वेबसाइटवरून दोन्ही वाट्यांचे आकडे वाचायचो आणि ते त्यांची बेरीज करायचे. वरून आलेलं सहा, खालून फिरलेलं सव्वा. एकूण सव्वासात. साखरखेर्ड्यालाही हाच हिशेब. मला त्यात काही खटकलं नाही. माझा विषय साहित्य.

होळीच्या सुमारास पुण्याहून फोन आला. संस्थेतला देवेश नावाचा इंजिनिअर बोलत होता. जिल्ह्यातल्या दोन केंद्रांपैकी एकच कायम ठेवायचं ठरलं होतं. उन्हाळ्याचे आकडे पाहून निर्णय होणार होता. दुसरं केंद्र उपटून नेणार.

काकांनी फोन खाली ठेवला. त्या दिवशी मी त्यांना पहिल्यांदा सावलीत बसलेलं पाहिलं.

“धम्मा, कुंपण गेलं तर मी पुन्हा घरातच बोलत बसन.”

“नाही जाणार, काका.”

“आपला आकडा मोठा पाह्यजे. साखरखेर्डा फुडं हाये ना.”

मोठा आकडा म्हणजे चांगलं केंद्र, असं ते समजले. मीही तसंच समजलो. एसटीतसुद्धा ज्या मार्गाला उत्पन्न जास्त, तोच मार्ग टिकतो.

मग चैत्र आला आणि आम्ही पुढे गेलो.

एका दिवशी साडेआठ झाले. मग नऊ. एकदा नऊच्याही वर. साखरखेर्डा साडेसाताच्या आसपासच रेंगाळत होतं. वरच्या वाटीचा आकडा होता तसाच होता. आमची जमीनच भरभरून ऊन परत देऊ लागली होती. पोरांनी लग्नातले उरलेले फटाके उडवले. काकांचा आवाज भोंग्यातून नुसता चढत गेला. तानुबाई म्हणाली, “पाह्य, अर्ज केला म्हून झालं.” अर्ज कुणी केला नव्हता.

एकटा राजकुमार नाराज होता. तो गिरणी बंद करून काकांच्या अंगणात आला.

“काका, नऊ नऊ म्हंता तुमी. बायाईची रांग लागून राह्यली. अन् माही मोटर दुपारी रोजच्या टायमालेच बसते. हे तुमचं जास्तीचं ऊन माह्या पॅनलवर काऊन येत नाही?”

“पुसत जाय बे पॅनल.”

“पुसतो नं. मलमल आणू का आता?”

“आणजो.”

वैशाखाच्या तोंडाशी देवेश स्वतः आला. तिशीचा, सडपातळ, उन्हाने लाल झालेला. पाठीवर लॅपटॉपची बॅग. काकांनी स्वागताची तयारी केली होती. सिंधूकाकूंनी कुंपणातली जागा झाडून काढली होती. काकांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. “जयभीम साहेब” म्हणाले आणि देवेशचा चष्मा काढून पुसून परत बसवला.

अंगणात खाट टाकली. बघायला तानुबाई आली, मागोमाग चार बाया आल्या. राजकुमारही आला.

“काका, जरा काळजीची गोष्ट आहे,” देवेश म्हणाला. “तुमची खालची वाटी बिघडलेली दिसते. चैत्रात बरेच दिवस, सकाळी उशिरापासून दुपार उतरेपर्यंत, तुमची जमीन पांढरीशुभ्र असल्यासारखे आकडे आलेत. असे आकडे बर्फावर येतात.”

“बर्फावर?” काकांचा चेहरा उजळला. “आमच्या जमिनीले बर्फाची बरोबरी?”

“नाही काका, हे चांगलं नाही. मोठा आकडा आम्हाला नको आहे. खरा हवा आहे. यावरून कुणी उद्या पॅनल बसवले तर तेवढी वीज निघणारच नाही.”

“मी तेच सांगून राह्यलो!” राजकुमार म्हणाला.

“आणि हे नऊ युनिट कुठून आलं? पारावर एक जण मला अभिमानाने सांगत होता.”

काकांनी बेरीज समजावून सांगितली. देवेशने डोक्याला हात लावला नाही, पण हात वर आला होता.

“काका, वरून आलेलंच खालून परत जातं. एकच ऊन आहे ते. त्याची बेरीज नसते.”

“मोताळ्याहून बुलडाण्याले गेलेली गाडी वापस येते. गाडी एकच. पण येतानाचं तिकीट दुसरं फाडता का नाही?”

देवेशने माझ्याकडे पाहिलं. मी दुसरीकडे पाहिलं.

तेवढ्यात सिंधूकाकू चहा आणि तळलेल्या कुरडयांची परात घेऊन आल्या. पांढऱ्या, फुललेल्या, हलक्या. देवेशने एक उचलली. मग दुसरी. त्याचा चेहरा पहिल्यांदा सैल झाला.

“काकू, काय सुंदर झाल्यात. आमच्या आईच्या नेहमी जरा पिवळट होतात. वाळवता कुठे तुम्ही? इथे तर कोंबड्या आहेत.”

“कोंबड्या अंगणात,” तानुबाई म्हणाली. “अन् घराच्या धाब्यावर वांदर. पोतीच्या पोती खातात मेले. म्हून तुह्या कंपाऊंडात घालतो. तठी शेळी नाही, कोंबडी नाही, दिवसभर सावली नाही. मोठी बेस जागा देली बाबा तू.”

देवेशच्या तोंडात अर्धी कुरडई होती. ती तिथेच राहिली.

“कुंपणात कुठे?”

“मधातच. त्या खांबाच्या खाली. पांढरं धोतर आंथरायचं, त्याच्यावर घालायच्या. आज पाव्हणे येनार म्हून सिंधूनं समदं उचलाले लावलं.”

देवेश उठला. सगळे उठले. कुंपणाची चावी सिंधूकाकूंच्या कमरेला असते, कारण काका ती हरवतात. कुलूप उघडलं. देवेशने लॅपटॉप उघडून खांबाला वायर जोडली.

“आजी, जरा धोतर आणि कुरडया घेऊन याल?”

“आता? इतक्या उशिरा?”

“वाळवायला नाही. मोजायला.”

तानुबाईने धोतर अंथरलं. बायांनी वाळलेल्या कुरडया त्यावर ओतल्या. पडद्यावरचा आकडा टुणकन वर गेला. देवेश म्हणाला, उचला. उचलल्या. आकडा खाली बसला. परत घाला. परत वर. पुन्हा उचला म्हटल्यावर तानुबाई काठी आपटून म्हणाली, “अरे पोरा, हिचा चुरा होते! एक काय ते ठरव.”

काका हे सगळं पाहत होते. बाया आत येतात हे त्यांना ठाऊक होतं. एवढं ऊन पडतंय, वाळू दे, असंच ते म्हणायचे. आणि काचांवर तर कधी धुळीचा कण नव्हता.

देवेशने लॅपटॉप मिटला. तो वाईट माणूस नव्हता. त्याने काकांना बाजूला नेलं, पण आमच्या गावात बाजूला असं काही नसतं. सगळे बरोबर गेले.

“काका, दोन रस्ते आहेत. यंत्र बिघडलं असं मी लिहू शकतो. मग तुमच्यावर काही येत नाही. पण अख्खा उन्हाळा बाद होईल आणि केंद्र साखरखेर्ड्याला जाईल. खरं कारण लिहिलं, तर कुरडयांचे दिवस तेवढे वगळता येतात. ते आलेखात उघड दिसतात. बाकीचे आकडे उत्तम आहेत. केंद्र राहू शकतं. पण मग राखण नीट झाली नाही असंही लिहावं लागेल. तुमच्या नावानिशी. ते दुसरा माणूस नेमा म्हणू शकतात.”

“चावी माह्याजवळ असते,” सिंधूकाकू म्हणाल्या. “माहं नाव टाका.”

“तुले नेमलं नाही सरकारनं,” काका म्हणाले.

“तुमाले तरी कुठी सरकारनं नेमलं? संस्थेनं नेमलं.”

“कुरडया माह्या होत्या,” तानुबाई म्हणाली. “माहं बी टाक रे. फोटू येते का पेपरात?”

काकांनी दोनदा फुंकर मारली.

“माहं नाव लिहा, साहेब. कुंपण राह्यलं पाह्यजे. राखाले मग कोणी बी राहो.”

एवढं बोलून ते चालू लागले. घराकडे नाही, पंचायतीकडे. सिंधूकाकू मागे धावल्या. मीही.

“अहो, साहेबानं लिहिलं ना! गावाले काऊन सांगता? कोणं इचारलं तुमाले?”

“माइकवरून सांगतलेलं माइकवरूनच रद्द करा लागते.”

“लोकं हासतीन.”

“हासू दे. पण चुकीच्या गाडीची वाट पाहून राह्यले ना ते, सिंधू.”

पंचायतीचा शिपाई जेवायला गेला होता. काकांनी स्वतःच भोंगा सुरू केला. मी दारात उभा होतो. काकांची पाठ ताठ, एक हात कानावर.

“फू. फू. सर्व ग्रामस्थांनी कृपया लक्ष द्यावे. चैत्र महिन्यात आपल्या गावावर पडलेलं जे जास्तीचं ऊन जाहीर करण्यात आलं होतं, ते रद्द करण्यात येत आहे. ते ऊन नव्हतं. त्या कुरडया होत्या. तसंच, जाणारं ऊन आणि येणारं ऊन एकच असल्याचं समजलं आहे. यापुढे फक्त येणारं जाहीर करण्यात येईल. साखरखेर्डा आणि आपण, दोघंही सहाच्या आसपास आहोत. झालेल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत.”

मग थोडं थांबून, “कृपया ध्यान दें,” आणि सगळं पुन्हा हिंदीतून.

मी पाच वर्षं कथा-कादंबऱ्यांचा अभ्यास केला. कुणी ऊन मागे घेतल्याचं कुठे वाचलं नव्हतं.

गाव हसलं, हे खरं. पारावरून टाळ्याही ऐकू आल्या. एका म्हाताऱ्याने काकांना अडवून विचारलं, आमच्या हिश्शाचं ऊन रद्द केलं तर ते आता कुणाला मिळणार. तानुबाई वेगळ्याच कारणाने चिडली होती.

“ऊन खोटं होतं म्हंते गुलब्या. मंग माह्या कुरडया कशानं वाळल्या?”

राजकुमार मात्र खूश होता. दळणाची रांग त्या दिवसापासून निम्म्यावर आली आणि उरलेल्यांचं दळण वेळेत होऊ लागलं.

देवेश परातीतल्या उरलेल्या कुरडया डब्यात घेऊन गेला. आईला दाखवायला म्हणाला.

पावसाळ्याआधी पुण्याहून निरोप आला. कुरडयांचे दिवस वगळून आमचे आकडे स्वीकारले होते. नेमका दोष आणि त्याचं कारण कळलं, म्हणून बाकीच्यावर भरवसा ठेवता येतो, असं देवेशने फोनवर सांगितलं. केंद्र तूर्त राहील. काकाही राहतील. अट एकच. कुंपणावर मनाईची पाटी हवी आणि पुढच्या चैत्रात आत काही वाळताना दिसता कामा नये. ते पाहूनच कायमचं ठरेल.

काकांनी पत्रा आणला. निळा रंग दिला. वाळल्यावर पांढऱ्या रंगाने स्वतः अक्षरं काढायला बसले. अक्षर त्यांचं सुंदर आहे. ‘येथे कुरडया’ एवढं झालं, तेव्हा सिंधूकाकू शेजारी येऊन उभ्या राहिल्या.

“फुडं काय लिहिता?”

“वाळवू नयेत.”

“बरं. मंग कुठी वाळवाच्या?”

काकांचा ब्रश थांबला.

“स्टँडवर गाडी रद्द झाली का दुसरी कोणती लागते, ते तुमीच सांगत होते ना? इथी नाही म्हंता, तर कुठी ते बी लिहा खाली.”

काकांना हे पटलं. तेच तर अवघड झालं. त्यांनी गाव पालथं घातलं. धाब्यांवर वांदरं. अंगणात कोंबड्या. शाळेच्या मैदानावर क्रिकेट. राजकुमारच्या छपरावर पॅनल, आणि त्याने हात जोडले. विहाराच्या मागची भिंतीच्या आतली जागा चांगली, पण दुपारी तिच्यावर पिंपळाची सावली येते. काकांनी तिथे खुर्ची टाकून सावली किती वेळ राहते ते पाहिलं आणि मान हलवत परत आले. पिंपळ तोडा असं तर कुणी म्हणणार नाही.

तोवर कुंपण पाटीविना नको म्हणून त्यांनी ती आहे तशीच टांगली. ‘येथे कुरडया.’ देवेशचा दोनदा फोन येऊन गेला. काका त्याला सांगतात, काम चालू आहे. फाट्याकडून येणारे मोटारसायकलवाले कुंपणाजवळ थांबतात. आत डोकावून विचारतात, कशा किलो?

परवा मी विचारलं, “काका, निदान ‘वाळवू नयेत’ तरी लिहून टाकू?”

“लिहू ना,” काका म्हणाले. “पहिले जागा तं भेटू दे.”

ब्रश टर्पेंटाइनच्या डब्यात उभा आहे. पाटीचा उरलेला भाग निळाच आहे.